लेसर केल्यावर चष्मा जातो, पण हवाई दलाचं कॉकपिट मिळतं का?

एनडीए आणि एएफकॅटच्या जाहिराती वर्षातून दोनदा येतात. प्रत्येक वेळी अभ्यासिकांमध्ये आणि टेलिग्राम ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो : चष्मा आहे, लेसर केलं तर फायटर पायलट होता येईल का?

उत्तरंही ठरलेली असतात. एक जण म्हणतो, "लेसर कर, विषय संपला." दुसरा म्हणतो, "हवाई दलात लॅसिक चालतच नाही." दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत आणि अर्धवट उत्तर इथे महागात पडतं. कारण चुकीच्या वयात केलेली शस्त्रक्रिया नंतर मागे घेता येत नाही.

नियम काय सांगतो?

हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचमध्ये मायनस नंबरचा चष्मा चालत नाही. लॅसिक किंवा पीआरके झालेला उमेदवार मात्र चालतो, पण त्यासाठी पाच अटी आहेत. शस्त्रक्रिया वयाच्या २० वर्षांआधी झालेली नसावी. तिला किमान १२ महिने झालेले असावेत आणि काही गुंतागुंत नसावी. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर ६ पेक्षा जास्त नसावा. शस्त्रक्रियेनंतर कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक आवरणाची, जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी. आणि डोळ्याची समोरून मागेपर्यंतची लांबी ठरावीक मर्यादेत असावी. हवाई दलाच्या जाहिरातींत ही मर्यादा २५.५ मिलिमीटर अशी छापलेली आहे.

यातली एक जरी अट चुकली, तरी तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचून उपयोग होत नाही.

बारावीनंतर लगेच लेसर का नको?

खडकवासल्याच्या एनडीएत प्रवेशाचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षं आहे. लेसरची अट २० वर्षांची आहे. म्हणजे एनडीएतून फ्लाइंगला जाण्यासाठी लेसरचा मार्ग वयाच्या हिशेबातच बसत नाही.

खरा तोटा यापुढे आहे. एनडीएच्या घाईत एखाद्याने अठराव्या वर्षी लेसर केलं, तर पदवीनंतर सीडीएस किंवा एएफकॅटमधून येतानाही 'वीस वर्षांआधी शस्त्रक्रिया' हा शेरा त्याच्या मागे राहतो. त्याच मुलाने दोन वर्षं चष्मा वापरला असता, तर त्याला संधी होती. घाईने केलेली गोष्टच आडवी येते ती अशी.

वीस वर्षांची अट वैद्यकीय कारणासाठीही आहे. अठरा-एकोणीसच्या वयात अनेकांचा नंबर वाढतच असतो. वाढत्या नंबरवर लेसर केलं, तर थोड्या वर्षांत पुन्हा चष्मा लागू शकतो. म्हणूनच चांगले नेत्रतज्ज्ञ किमान वर्षभर नंबर स्थिर आहे का, हे आधी पाहतात.

चष्मा गेला तरी डोळा 'लांब'च राहतो

मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा थोडा लांबट असणं. त्यामुळे लांबच्या वस्तूची प्रतिमा मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. लेसर समोरच्या कॉर्नियाला घासून चपटं करतं आणि प्रतिमा मागे नेऊन पडद्यावर आणतं. गोळ्याची लांबी तीच राहते.

लांब डोळ्यात रेटिना ताणलेला, पातळ असतो. तो फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका जास्त असतो आणि लेसरने तो कमी होत नाही. म्हणून हवाई दल डोळ्याची लांबी मोजतं. ही लांबी कोणत्याही शस्त्रक्रियेने कमी करता येत नाही. मोजमापात २६.२ आलं, तर फ्लाइंगसाठी लेसरवर हजारो रुपये घालवण्यात अर्थ नाही. ही तपासणी काही मिनिटांची असते, दुखत नाही आणि शस्त्रक्रियेच्या आधीच करता येते.

४५० मायक्रॉनचं गणित

माणसाच्या कॉर्नियाची जाडी मधोमध साधारण ५४० मायक्रॉन असते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. लेसर एका नंबरमागे ढोबळमानाने १५ मायक्रॉन थर काढतं. यंत्र आणि पद्धतीप्रमाणे हा आकडा थोडा बदलतो.

समजा, दोन मैत्रिणींचा नंबर सारखाच, उणे साडेचार आहे. दोघींचे साधारण ६७ मायक्रॉन जातील. एकीची जाडी ५५० असेल, तर तिच्याकडे ४८३ उरतात. दुसरीची ५१० असेल, तर ४४३ उरतात. दोघींची शस्त्रक्रिया यशस्वी होते आणि दोघींना ६/६ दिसतं. हवाई दलासाठी मात्र एक पात्र ठरते आणि दुसरी अपात्र.

दवाखान्याच्या दृष्टीने दुसरी शस्त्रक्रियाही चुकीची नसते. रुग्णाला चष्मा नको होता, तो गेला. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगायला हवं की हवाई दलाचं मेडिकल द्यायचं आहे. "शस्त्रक्रियेनंतर जाडी किती उरेल?" हा प्रश्न त्याच भेटीत विचारायला हवा.

हवाई दल इतकं काटेकोर का?

याचं एक उदाहरण एव्हरेस्टवर सापडतं. १९९६च्या दुर्घटनेतून वाचलेले अमेरिकी डॉक्टर बेक वेदर्स यांनी चष्मा घालवण्यासाठी रेडियल केरॅटोटॉमी करून घेतली होती. लेसरच्या आधीच्या काळातल्या या शस्त्रक्रियेत कॉर्नियावर ब्लेडने चिरा देत. उंचावर ऑक्सिजन कमी झाला, त्यांच्या कॉर्नियाचा आकार बदलला आणि त्यांना दिसेनासं झालं. आपल्या हवाई दलात आजही ही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्रच ठरतो.

लॅसिक आणि पीआरकेमध्ये अशा खोल चिरा नसतात. तरी लॅसिकमध्ये कॉर्नियाची पातळ झडप उघडून आत लेसर मारतात आणि झडप पुन्हा बसवतात. विमानातून इजेक्ट होताना हवेचा जो तडाखा बसतो, त्यात ती झडप टिकेल का, ही सैन्यदलांची जुनी शंका होती. पीआरकेमध्ये झडप नसते. त्यात वरचा पातळ थर काढतात आणि तो पुन्हा वाढतो. मात्र सुरुवातीचे दिवस दुखतं आणि नजर स्थिरावायला वेळ लागतो.

अमेरिकेच्या नौदलात १९९०च्या दशकात आधी लढाऊ वैमानिक असलेले नेत्रतज्ज्ञ स्टीव्हन शालहॉर्न यांनी पीआरकेचा अभ्यास केला आणि तिथला विरोध मावळत गेला. २००७मध्ये 'नासा'नेही अंतराळवीरांना लेसर शस्त्रक्रियेची परवानगी दिली.

रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणं आणि डोळे कोरडे पडणं हे त्रास मात्र दोन्हींत होऊ शकतात. बऱ्याच जणांमध्ये ते काही महिन्यांत कमी होतात. बारा महिने थांबायला लावण्यामागचं हेही एक कारण.

शस्त्रक्रिया लपवली तर?

लपत नाही. कॉर्नियाचा नकाशा काढणारं टोपोग्राफी यंत्र मधला चपटा भाग लगेच दाखवतं. लॅसिकच्या झडपेची कड तपासणीत दिसू शकते. त्यापेक्षा तारीख, आधीचा नंबर आणि आधीची जाडी असलेले कागद जपून ठेवणं हिताचं. वय आणि नंबर अटीत बसत होते, हे सिद्ध करायला तेच उपयोगी पडतात.

मग निर्णय कसा घ्यायचा?

पदवीनंतरच्या फ्लाइंग प्रवेशासाठी वय २० ते २४ असतं. विसाव्या वर्षी शस्त्रक्रिया आणि वर्षभर थांबणं धरलं, तर हातात जेमतेम तीन वर्षं उरतात. त्यात लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. वैमानिकाची योग्यता तपासणारी संगणकीय चाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते. ती हुकली, तर ६/६ नजर असूनही फ्लाइंग मिळत नाही. रंग ओळखण्यात दोष असेल, तर तोही लेसरने जात नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी डोळ्याची लांबी, कॉर्नियाची जाडी आणि रंगदृष्टी तपासायची. मग चालू जाहिरातीतले निकष आणि करायच्या शस्त्रक्रियेचं नाव ताडून पाहायचं, कारण प्रवेशाच्या प्रकारानुसार नियम बदलतात. सगळं जुळलं, तरच विशीनंतर शस्त्रक्रियेचा विचार करायचा.

आणि नाहीच जुळलं, तर? हवाई दलाच्या ग्राउंड ड्यूटी शाखांमध्ये ठरावीक नंबरपर्यंत चष्मा चालतो. चष्म्याने नजर निकषात येत असेल, तर नागरी विमानाचं वैमानिक होता येतं. पण हे सगळं शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपण्याआधी कळलेलं बरं.