गिऱ्हाईक आणि वाचक

मराठी माणूस पुस्तके विकत घेत नाही, हे वाक्य आपण इतकी वर्षे आणि इतक्या समाधानाने उच्चारीत आलो आहोत की, ते तपासून पाहण्याची कोणालाच गरज वाटेनाशी झाली आहे. लेखक ते म्हणतो, प्रकाशक म्हणतो, आणि पुस्तकांच्या दुकानाचा मालक तर गल्ल्यावर बसून दिवसातून दहा वेळा म्हणतो. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ज्या समाजाला फराळाबरोबर वाचायलाही लागते, तो समाज वाचत नाही म्हणे! माझे म्हणणे उलट आहे. त्याला पुस्तक विकत घेऊ दिले जात नाही.

जूनमध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात उभे राहून पाहावे. शाळेची यादी हाती पडताच नोकरमंडळी पाठ्यपुस्तके, वह्या, मार्गदर्शके यांचा गठ्ठा चुटकीसरशी बांधून देतात. या चपळाईचे कौतुकच केले पाहिजे. पण यादी नसलेला माणूस आला की हीच चपळाई लंगडी पडते.

आमच्या गावच्या एका दुकानात सहावी-सातवीतला एक मुलगा मुठीत नोटा घेऊन आला. म्हणाला, “गोष्टीचं पुस्तक द्या.”

“कुणाचं?”

“भुताचं.”

“लेखक कोण? नाव सांग.”

मुलाला नाव ठाऊक नव्हते. थोडा वेळ घुटमळून त्याने रंगीत पेनांचा डबा घेतला आणि तो गेला. कोणी त्याच्यावर ओरडले नाही, त्याला हाकललेही नाही. गल्ल्यात पैसे पडले, गिऱ्हाईक मिळाले. एक वाचक मात्र गेला, आणि त्याची नोंद कोणत्याही खतावणीत झाली नाही.

अहो, ज्याला नाव ठाऊक आहे, त्याला आज दुकानाची गरजच काय? तो घरबसल्या मोबाइलवरून पुस्तक मागवील. दुकान हवे आहे ते नाव ठाऊक नसलेल्याला! साडीवाला गादीवर चाळीस साड्या उलगडतो, मिठाईवाला तुकडा चाखायला देतो. पुस्तकवाला तेवढा कपाटाला काच लावून “हात लावू नका” म्हणतो.

दोष नोकराच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. दिवसभर उभे राहून तुटपुंज्या पगारात राबणाऱ्या त्या माणसाला “आज हे पुस्तक घरी ने, वाच आणि उद्या मला सांग,” असे किती मालकांनी म्हटले असेल?

आणि आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. वीस पाने उभ्याने वाचायची, मुखपृष्ठाचा फोटो काढायचा आणि चार पैसे वाचवण्यासाठी ते दुसरीकडून मागवायचे. फटाक्यांच्या लडीला घासाघीस न करता दोनशेच्या पुस्तकावर सवलतीसाठी अडून बसायचे, हा कुठला न्याय?

मुंबईत टी. एन. शानभाग यांनी 1948 साली स्ट्रँड बुक स्टॉल सुरू केला. तिथे पुस्तक हाताळायला मज्जाव नव्हता, आणि सवलत मागण्यापूर्वीच मिळे. 2003 साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. “पण 2018 साली ते दुकान बंदच पडले ना?” असे कोणी विचारील. पडले. परंतु सत्तर वर्षे चालून पडले, आणि तेव्हा वाचक घरचे माणूस गेल्यासारखे हळहळले. काचेआडून “नाव सांगा” म्हणणारे दुकान उद्या बंद पडले, तर कोण हळहळणार आहे?

तेव्हा दुकानदारांनो, मुलांच्या हाताला लागेल असे एक उघडे फडताळ, टेकायला दोन स्टुले आणि वाचणारा एक तरी नोकर, एवढे ठेवा. आणि वाचकहो, या दिवाळीत मुलांना घेऊन दुकानात जा, आणि जिथे पुस्तक चाळाल तिथेच ते विकत घ्या. एवढेही न करता वाचनसंस्कृतीच्या नावाने गळा काढायचा असेल, तर तो फराळाच्या ताटावर तरी काढू नका!