प्रॉम्प्ट दिसल्यानंतरचे काम

घरी बांधलेल्या झेड-८० बोर्डावर सीपी/एमचा ‘ए>’ पहिल्यांदा उमटतो, तेव्हाचा आनंद मोठाच असतो. तरीही तेवढ्यावरून प्रणाली चालू झाली असे मानू नये, असा आमचा आग्रह आहे.

‘डीआयआर’ चालली, एवढ्याने फारसे सिद्ध होत नाही. ती आज्ञा सीसीपीच्या पोटातच असते. त्याऐवजी प्रॉम्प्टवर कंट्रोल-सी दाबून वॉर्म बूट होतो का ते पाहा. रीसेटनंतर झेड-८० ०००० या पत्त्यापासून वाचू लागतो, म्हणून तिथे रॉम लागते. सीपी/एमला मात्र नेमकी तिथेच रॅम हवी असते. काम संपलेला प्रोग्रॅम ०००० वर येतो, तिथली उडी त्याला बायोसच्या वॉर्म बूटकडे नेते आणि सीसीपी व बीडॉस मिळून साडेपाच केबी डिस्कवरून पुन्हा भरले जातात. रॉम बाजूला करायला ७४एलएस७४चा एक फ्लिप-फ्लॉप पुरतो. पण त्याआधी बूट कोड वरच्या रॅममध्ये उतरवून तिथे उडी घेतलेली हवी, नाहीतर रॉम बंद होताच प्रोसेसरच्या पायाखालची जमीनच सरकते.

खरी कसोटी लिहिण्याची. सीपी/एम १२८ बाइटच्या भाषेत बोलते. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डाचा सेक्टर ५१२ बाइटचा. म्हणजे एका सेक्टरात चार नोंदी. सेक्टर आधी वाचून, त्यातली एकच नोंद बदलून परत लिहिला नाही, तर शेजारच्या तीन नोंदी मुकाट्याने जातात. सी रजिस्टरमध्ये १ आला की ते डिरेक्टरीचे लेखन असते. तेव्हा बफर तत्काळ कार्डावर उतरलाच पाहिजे. इथली चूक लगेच दिसत नाही, म्हणून ती फार वाईट. पिपने ‘व्ही’ पर्याय देऊन मोठी फाइल उतरवा, वीज बंद करा, पुन्हा चालू करून ती मूळ फाइलशी ताडून पाहा.

झायलॉगने २०२४ मध्ये झेड८४सी०० मालिकेच्या शेवटच्या ऑर्डर घेतल्या. आता जुन्या साठ्यातल्या चिपा येतात आणि यंत्र अडकले की पहिला संशय चिपेवर जातो. चिप बदलण्याआधी वरच्या दोन जागा तपासा.

हे तपासणे त्यालाच जमते ज्याने बायोस स्वतः लिहिला आहे. गॅरी किल्डॉल यांनी यंत्रागणिक बदलणारा भाग बायोसमध्ये वेगळा काढला, म्हणून त्यांनी कधी न पाहिलेल्या बोर्डावरही त्यांची प्रणाली चालते. आवृत्ती २.२ला बायोसकडून १७ प्रवेशबिंदू लागतात. त्यांतले काही तर नुसते परत फिरणारे ठेवले तरी चालतात. एवढ्यासाठी दुसऱ्याची तयार इमेज कार्डावर चढवून मोकळे होणे आम्हाला पटत नाही.

यापुढे प्रकल्प पाठवताना सर्किटसोबत बायोसचा टिपणांसह सोर्सही पाठवावा. डिस्कचा पोर्ट वेगळा असलेल्या वाचकाला वाचन-लेखनाची रुटिने तेवढी बदलून आपला बोर्ड उभा करता आला पाहिजे. सोर्स नसलेला प्रकल्प, फोटो कितीही सुरेख असला तरी, पुढील अंकापासून आम्ही छापणार नाही.