जांभळी की मोरपंखी?

आमच्या ‘दहावी ब’च्या व्हॉट्सअॅप गटावर परवा रात्री एका साडीवरून जुंपली. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची, तेव्हा एकदा तिने जांभळी साडी नेसली होती, असं ठाण्याच्या मैत्रिणीने सहज लिहिलं. नागपूरवालीने लगेच दुरुस्त केलं, “जांभळी नाही गं, मोरपंखी. काठसुद्धा डोळ्यांसमोर आहेत माझ्या.” झालं. दोन तट पडले. जुन्या शपथा निघाल्या. शेवटी सिएटलहून एकीने विचारलं, “अगं बायांनो, तेव्हा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता ना?”

गटावर शांतता पसरली. मग नागपूरहून उत्तर आलं, “असेल. साडी मोरपंखीच होती.”

मी नागपूरच्या बाजूने आहे. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, आणि पडद्यावर रंग आले १९८२च्या स्वातंत्र्यदिनी, दिल्लीच्या एशियाडच्या तोंडावर. मधली दहा वर्षं रंग ज्याचा त्याने भरायचा होता, आणि आम्ही तो भरला. काही घरांत पडद्यापुढे रंगीत प्लॅस्टिकची काच लावत, वर निळी आणि खाली हिरवट. तिच्यातून बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि गळा हिरवा दिसे. त्यापेक्षा नागपूरवालीचं मोरपंखी कितीतरी बरं.

खात्री करून घ्यावी तर तीही सोय नाही. टेप महाग, म्हणून दूरदर्शनवर जुनं पुसून त्यावरच नवं मुद्रित करत. दिलीप प्रभावळकरांच्या ‘चिमणराव’चेसुद्धा मोजकेच भाग उरले, तिथे एका संध्याकाळच्या बातम्या कोण जपून ठेवणार? स्मिताबद्दल आणखी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, की ती जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची. टेबलाखालचं कोणाला दिसतंय! हे आम्हाला फार उशिरा कळलं. वेळेवर कळलं असतं तर सणावारी परकर नेसायला आम्ही साफ नकार दिला असता.

साडीवरून गाडी ब्लाउजवर आली आणि ब्लाउजवरून आमच्या टेलरमास्तरांवर. हा विषय निघाला की एरवी गटावर फक्त ‘शुभ सकाळ’ टाकणाऱ्याही जाग्या होतात. मास्तरांच्या दुकानात टीव्ही नव्हता. घरीही नसावा. त्यांना जाऊन सांगायचं, “मास्तर, परवा छायागीतात होत्या ना, तशा बाह्या हव्यात.” मास्तर तोंडातल्या टाचण्या न काढता मान डोलवायचे. मग आम्ही हवेत हात फिरवून दाखवायचो, खांद्यावर असा फुगा, इथे चुण्या, इथे बारीक लेस. मास्तर पुन्हा मान डोलवायचे. दिवाळीच्या आदल्या रात्री, काजं-बटण उरकून, जे हातात पडायचं ते छायागीतातलंही नसे आणि आमच्या मनातलंही नसे. ते मास्तरांचं असे. पण गल्लीतल्या सगळ्याजणी त्यांच्याचकडे शिवायला टाकत असल्याने दिवाळीच्या दिवशी सगळ्यांच्या बाह्या सारख्याच निघत, आणि मग तीच फॅशन. सदाशिव पेठेतल्या बाह्या वेगळ्या आणि शनिवार पेठेतल्या वेगळ्या, कारण मास्तर वेगळे. ‘बॉबी’ १९७३मध्ये आला, पण ठिपक्यांचं कापड त्यानंतर कितीतरी वर्षं ‘बॉबी प्रिंट’ याच नावाने मागितलं जात होतं. मागणाऱ्या निम्म्या मुलींना घरातून तो सिनेमा बघायची परवानगी नव्हती.

पुढे हे सगळं फार सोपं झालं. २०१३मध्ये ‘होणार सून मी ह्या घरची’ सुरू झाली आणि बघता बघता बाजारात ‘जान्हवीचं मंगळसूत्र’ आलं. तसंच, हुबेहूब. तुळशीबागेत नुसतं नाव घेतलं की विक्रेता समोर ठेवायचा. हातवारे नाहीत, टाचण्या नाहीत, फसगत नाही. आमच्या गटात दोघींकडे ते आहे. त्यावरून एकदाही वाद झालेला नाही, कारण वाद घालण्यासारखं त्यात काही उरलेलंच नाही.

रात्रीचे बारा वाजले की गटाला भूक लागते. त्या रात्री खिचडीचा विषय निघाला. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी सिनेमा असायचा, आणि त्या दिवशी जवळजवळ प्रत्येकीच्या घरी रात्री मुगाची खिचडी, पापड आणि ताक. तेव्हा आम्हाला वाटे, रविवारी खिचडीच करतात, जशी चतुर्थीला साबुदाण्याची. आता कळतं की आईलाही सिनेमा बघायचा होता. चार भांडी कमी घासायची तेवढाच वेळ तिला मिळत होता.

तोही पुरता मिळायचा नाही. टीव्ही बाहेरच्या खोलीत, शटरच्या कपाटात. त्याच्यासमोर सतरंजीवर आम्ही आणि शेजारची मंडळी. आई आत, ओट्यापाशी. मध्ये बातम्या लागल्या की ती पानं घ्यायची. सगळं आवरून, हात पुसत ती बाहेर येऊन टेकली की नेमकी ‘व्यत्यय’ची पाटी झळकायची. तेव्हा आमच्या आया दूरदर्शन बघत नव्हत्या, ऐकत होत्या. गाणी, संवाद, पावलांचा आवाज, दार आपटल्याचा आवाज, सगळं त्यांना पाठ. चेहरे त्यांच्या त्यांनी बसवलेले. ‘रामायण’ आलं तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. रविवारी सकाळी साडेनऊच्या आत पोहे उरकून आईही पहिल्या रांगेत बसायला लागली. पण त्याला देव कारण होता. खुनाचा सिनेमा बघायला गॅस बंद करून येणं काही तिला जमलं नाही.

यावर कोथरूडच्या मैत्रिणीने रात्री साडेबाराला एक लांबलचक मेसेज टाकला. तिच्या आईचं वय आता ब्याऐंशी. मागच्या महिन्यात लेकीने तिला मोबाइलवर त्या काळचा एक रहस्यपट लावून दिला. बाई हातातली मेथी निवडत शेवटपर्यंत बघत बसल्या. खुनी पकडला गेला तसा त्यांचा हात थांबला. त्या रविवारी नेमक्या त्याच वाक्याला कुकरची शिट्टी झाली होती.

“म्हणजे डॉक्टरने मारलं होय!” त्या म्हणाल्या. “आणि मी इतकी वर्षं त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला शिव्या घालत्येय.”