मांडूच्या अलीकडे उतरा

पावसाळा लागला की कॅमेरेवाल्यांच्या गाड्या धारहून थेट मांडू गाठतात आणि रूपमती मंडपातून तेच ते नर्मदेचं खोरं टिपतात. वाटेवरच्या नालछ्याला कुणी उतरत नाही. इथल्याच एका जुन्या महालात ब्रिटिश अधिकारी सर जॉन माल्कमने उन्हाळी मुक्काम थाटला होता. पुढे काकडा खोहपाशी माळव्याचं सपाट पठार एकाएकी तुटतं. आणि गोरखचिंचा! मूळच्या आफ्रिकेतल्या. पानं झडली की हत्तीच्या पायासारखा राखाडी बुंधा, वर आखूड, वेड्यावाकड्या फांद्या. म्हणून आमचं मत उन्हाळ्याला. रखरखीत निसर्ग टिपायला दरवेळी जैसलमेरच कशाला? झाडाजवळ जायला कुणाच्या शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. फोटो जरूर पाठवा. रूपमती मंडपाचे मात्र नकोत.