‘जलाश्व’चा वारस कधी?

गोवामुक्तीच्या लढ्यात डिसेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावर उतरताना सात नौसैनिक धारातीर्थी पडले. दहा वर्षांनी कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर तळाचा अंदाज चुकला आणि नौकेतून उतरलेले दोन जवान बुडाले. समुद्रातून सैन्य उतरविणे हे नौदलापुढील सर्वात कठीण काम आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेची १९७१ पासून सेवेत असलेली ‘ट्रेन्टन’ ४ कोटी ८४ लाख डॉलरला घेण्यात आली. २२ जून २००७ रोजी ती ‘आयएनएस जलाश्व’ झाली. तिच्या पोटातील गोदीत पाणी घेतले की छोट्या नौका थेट तरंगत बाहेर पडतात. सुमारे हजार सैनिक तिच्यावर मावतात. मोठ्या नौकेला किनाऱ्याला भिडावे लागत नाही. सौदा स्वस्त होता, पण निर्विघ्न नव्हता. फेब्रुवारी २००८ मध्ये विषारी वायूने नौसैनिकांचा बळी घेतला. त्याच वर्षी महालेखापरीक्षकांनी खरेदीतील घाईवर आणि अमेरिकेच्या अटींवर बोट ठेवले.

तरीही मे २०२० मध्ये मालेहून ६९८ भारतीयांना कोचीला आणले ते याच नौकेने. युद्धासाठी घेतलेली नौका संकटकाळातच अधिक उपयोगी पडली.

वारसाचे मात्र अडले आहे. अशा चार नौकांची २०१३ ची निविदा पुढे रद्द झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने पुन्हा गरज मान्य केली. पण त्यानंतर निविदा, करार आणि बांधणी असा लांबचा पल्ला उरतो. तोवर भार पन्नाशी ओलांडलेल्या ‘जलाश्व’वरच आहे.