फॉरमॅट मारण्याआधी

“सर, पीसी फार स्लो झालाय. फॉरमॅट मारू का?” नगरला मुकुंदनगरमध्ये संध्याकाळी मुलांना कॉम्प्युटर शिकवतो, तेव्हा हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. एमएस-सीआयटी सुरू झाली २००१ साली. टायपिंग, एक्सेल आता घरोघरी येतं. पण यंत्राची नाडी पाहायची कशी, हे फारसं कुणी शिकवत नाही.

म्हणून माझ्या वर्गात पहिला आठवडा दुरुस्ती बंद. प्रत्येकाने एक वही करायची. पीसी सुरू करून दहा मिनिटं थांबायचं, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयू, मेमरी आणि डिस्क किती टक्के ते तारीख घालून लिहायचं. सी ड्राइव्हवर मोकळी जागा किती, तेही लिहायचं. मुलांना कंटाळा येतो, येऊ द्या.

आठवड्याने वहीच बोलू लागते. काही न उघडताच मेमरी ऐंशी-नव्वद टक्के भरलेली असेल, तर ‘स्टार्टअप’मध्ये जाऊन नको ते प्रोग्राम बंद करा. सीपीयू सतत तापत असेल, तर डबा उघडून पंख्यावरची धूळ पाहा. आपल्याकडे उन्हाळ्यात ती कमी नसते. (आधी प्लग काढा, हे सांगावं लागतं!) आणि ‘पीसी फास्ट करा’ म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर घेऊ नका. बरेचदा तीच ओझं होऊन बसतात.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीच्या वहीत वेगळंच दिसलं. मेमरी ठीक, सीपीयू ठीक. पण डिस्क रोज शंभर टक्के, वाचनाचा वेग मात्र नगण्य. रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंद. चांगल्या हार्डडिस्कला काही दहा मिलिसेकंद पुरतात. मामूंनी फॉरमॅट करायचं ठरवलं होतं. त्या पीसीत अम्मीच्या शिवणकामाचा चार वर्षांचा हिशेब होता, गिऱ्हाइकांची मापं होती, दादाजानचे शेवटचे फोटो होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मी म्हटलं, फॉरमॅट नाही, आधी कॉपी. तिने त्याच रात्री सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवायला घेतलं, पहाटेपर्यंत चाललं. अकराव्या दिवशी पीसीने ती डिस्क ओळखायचंच सोडलं. आता त्यात एसएसडी आहे. एसएसडीला डीफ्रॅग करायचं नसतं, हे मामूंना तिनेच समजावलं.

तुमच्याकडे अजून विंडोज १० असेल, तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद झाले आहेत. जुन्या पीसीवर ११ चालेलच असं नाही. त्याला ४ जीबी मेमरी आणि टीपीएम २.० लागतं. तुमच्या पीसीत ते आहे का, हे कसं तपासायचं ते पुढच्या अंकात. तोवर वही सुरू करा.