संगणकाची झोप, ग्राहकाचे जागरण

संगणक निद्रावस्थेतून जागा झाला, पण त्याला जोडलेली हार्ड डिस्क पडद्यावरून नाहीशी झाली, ही तक्रार आता इतकी नित्याची झाली आहे की तिची दखल घेण्याची गरज उत्पादकांना वाटत नाही. मॅकवर तर डिस्क नीट बाहेर काढली नसल्याची समजही देण्यात येते. बिचाऱ्या मालकाने केबलला हातही लावलेला नसतो. झोपायचे यंत्राने, संबंध तोडायचा यंत्राने आणि ठपका मात्र माणसावर, असा हा न्याय आहे.

विजेच्या बचतीचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये 'एनर्जी स्टार' योजना सुरू केली, तेव्हा तो शिक्का प्रथम संगणक आणि मॉनिटर यांनाच मिळाला. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 'एसीपीआय' हे मानक प्रसिद्ध करून विजेचा कारभार कार्यप्रणालीच्या हाती सोपविला. यूएसबीचे पहिले मानकही त्याच वर्षीचे. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन व्यवस्थांचा संसार अद्याप सुरळीत चालू नये, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

कारण शोधू गेल्यास एकाच म्यानात अनेक तलवारी आढळतात. कार्यप्रणाली आपल्या घड्याळाप्रमाणे डिस्कला थांबविते. डिस्कच्या खोक्यात यूएसबी आणि सॅटा यांच्यात दुभाष्याचे काम करणारी जी चिप असते, तिचे झोपेचे वेळापत्रक पुष्कळदा वेगळेच असते. झोपेत यूएसबीची वीज चालू ठेवायची की तोडायची, हे यंत्रागणिक बदलते. जाग आल्यावर थांबलेल्या तबकड्या पुन्हा मिनिटाला ५,४०० फेऱ्यांपर्यंत न्यावयाच्या, तर काही सेकंद लागतात, आणि नेमक्या त्याच क्षणी डिस्कला सर्वाधिक वीज हवी असते. मानकाप्रमाणे यूएसबी २.० ची खिडकी ५०० मिलिअँपिअर देते, ३.० ची ९००. तेवढ्यात भागले नाही, किंवा डिस्कने उत्तर देण्यास विलंब लावला, की संगणक तिला गैरहजर ठरवून मोकळा होतो.

हजेरी पुन्हा लागते, पण अर्धवट लिहिलेल्या फाइलीचे काय? मॅक आणि विंडोज या दोहोंवर चालावी म्हणून पुष्कळ डिस्का 'एक्सफॅट' पद्धतीने आखलेल्या असतात, आणि अपुऱ्या राहिलेल्या कामाची नोंदवही ठेवण्याची सोय त्या पद्धतीत नाही. एखाद्या ग्रंथालयाने जुने अंक स्कॅन करून, एखाद्या छायाचित्रकाराने वर्षाचे काम ज्या एकाच डिस्कवर ठेवले असेल, त्यांना हा प्रश्न तांत्रिक वाटणार नाही.

यावर दुसरी प्रत ठेवण्याचा उपदेश तत्परतेने केला जातो. उपदेश रास्त आहे. परंतु ती दुसरी प्रतही बहुधा अशाच डिस्कवर उतरविली जाते, आणि काम चालू असता कोणी सवयीने लॅपटॉपचे झाकण मिटले तर यंत्र झोपी जाते.

उत्पादकांना हे सुधारता येत नाही असे नाही. २०१८ च्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने बाह्य डिस्कांसाठी वेगापेक्षा सुरक्षित काढणीला मूळ पसंती दिली. पण तो विचार केबल उपटणाऱ्या माणसापुरता झाला. झोपी जाणाऱ्या संगणकाने चालू लेखन आधी पुरे करावे, निदान मालकाला विचारावे, इतकी अपेक्षा करणे अवास्तव आहे काय? यूएसबीची झोप आवरण्याचा पर्याय विजेच्या प्रगत मांडणीत खोल दडलेला असतो आणि नव्या लॅपटॉपांवर पुष्कळदा दिसतही नाही. डिस्क किती मिनिटांनी स्वतःहून झोपते, हे तिच्या खोक्यावर छापण्यास खर्च तो काय येणार? आणि संबंध यंत्राने तोडला असेल, तर संदेशातही तसेच लिहिले जावे.

हे होईपर्यंत झाकण मिटण्यापूर्वी डिस्क रीतसर 'इजेक्ट' करणे आणि मोठ्या नकलेच्या वेळी झोपेची मुदत 'कधीही नाही' अशी ठेवणे, एवढेच ग्राहकाच्या हाती आहे. विजेचे बिल थोडे वाढेल.